नोंद माझी, तर ती नेण्याचा हक्कही माझा

सकाळी घरातून किती वाजता निघालो, कुठे किती वेळ थांबलो, किती चाललो, किती वेळ लोकलमध्ये उभा होतो, हे सगळं फोनने आपणहून टिपून ठेवावं असं आता नाना तऱ्हेच्या लोकांना वाटतं. औषध कंपनीचा प्रतिनिधी महिनाअखेरीस प्रवासभत्त्याचा तक्ता भरताना अशी नोंद शोधतो. दुबईत नोकरी करणारा रत्नागिरीचा माणूस आर्थिक वर्षात भारतात किती दिवस राहिलो ते मोजत असतो, कारण १८२ दिवस भरले की प्राप्तिकराच्या लेखी तो इथला निवासी ठरतो. गुडघेदुखीच्या रुग्णाला डॉक्टरांना सांगायचं असतं की नेमकं कोणत्या आठवड्यापासून चालणं कमी झालं. आणि कित्येकांना काहीच सिद्ध करायचं नसतं. गेल्या पावसाळ्यात भोरच्या पुढे कुठल्या वाडीत पिठलं-भाकरी खाल्ली होती, एवढंच आठवून पाहायचं असतं. या सगळ्या गरजा खऱ्या आहेत आणि अशी नोंद ठेवण्याच्या मी बाजूचा आहे. माणसाला आपल्या दिवसांचा हिशेब हवा असतो, आणि तो ठेवायला एवढं हाताशी साधन पूर्वी कधी नव्हतं.

माझा आक्षेप निवडीच्या क्रमाला आहे. अ‍ॅप घेताना लोक विचारतात की बॅटरी किती खातं, रस्ता अचूक काढतं का, दिसायला कसं आहे, फुकट आहे का. हे प्रश्न रास्त आहेत, पण ते नंतरचे. आधी विचारायचं ते हे की माझी नोंद नेमकी कुठे राहते, आणि उद्या मी हे अ‍ॅप सोडलं तर ती माझ्याबरोबर येते का. याचं उत्तर समाधानकारक नसेल तर बाकी सगळं उत्तम असूनही ते अ‍ॅप घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हे केवळ ग्राहकाच्या हुशारीवर सोडून भागणार नाही. त्याला कायद्याचा आधार लागतो, आणि तो आधार भारताच्या कायद्याच्या मसुद्यात एकदा आलेला असूनही नंतर काढून टाकला गेला आहे.

मूव्ह्ज नावाच्या अ‍ॅपचं काय झालं ते आठवण्यासारखं आहे. फिनलंडमधल्या प्रोटोजिओ या छोट्या कंपनीने २०१३ च्या सुरुवातीला ते आणलं. फोन खिशात ठेवला की काम झालं. चालणं, धावणं, सायकल, वाहन हे ते आपणहून ओळखायचं आणि दिवसाची एक आटोपशीर पट्टी काढून द्यायचं. एप्रिल २०१४ मध्ये फेसबुकने ही कंपनी विकत घेतली. दोन्हीकडची माहिती एकत्र करण्याचा विचार नाही, असं तेव्हा सांगण्यात आलं. दोन आठवडे उलटायच्या आत गोपनीयता धोरण बदललं आणि संलग्न कंपन्यांना माहिती देण्याची वाट मोकळी झाली. ३१ जुलै २०१८ रोजी अ‍ॅपच बंद करण्यात आलं. ज्यांनी ते निवडलं होतं त्यांनी काही निष्काळजीपणा केला नव्हता. त्यांनी निवड केली त्या दिवशी फेसबुक चित्रात कुठेच नव्हतं. अ‍ॅप निवडताना आपण आजची कंपनी पाहतो, पण नोंद तर वर्षानुवर्षं साठत जाणार असते. त्या काळात कंपनीचा मालक बदलतो, धोरण बदलतं, तोट्यातला विभाग गुंडाळला जातो. अशा प्रत्येक वळणावर आपल्या हातात काय उरतं, हे पहिल्याच दिवशी तपासायला हवं.

मोठी कंपनी घेतली की हा धोका टळतो, असं कोणी म्हणेल. गूगलचा इतिहास त्याला साथ देत नाही. गूगलने लोकेशन हिस्ट्री २००९ मध्ये लॅटिट्यूड या सेवेबरोबर आणली. लॅटिट्यूड २०१३ मध्ये बंद पडली, नोंद मात्र चालू राहिली आणि २०१५ मध्ये ती मॅप्समधली टाइमलाइन म्हणून समोर आली. भारतात ज्यांनी अशी नोंद ठेवली त्यातल्या बहुतेकांची ती इथेच आहे, कित्येकांची तर चालू असल्याचं लक्षातही न येता. ऑगस्ट २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेसने दाखवून दिलं की लोकेशन हिस्ट्री बंद केली तरी दुसऱ्या एका सेटिंगमधून ठिकाणं साठवली जातच होती. त्या प्रकरणात गूगलने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलर भरून तडजोड केली.

त्यानंतर मात्र गूगलने जो बदल केला तो मी मनापासून चांगला मानतो. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केलं की टाइमलाइन यापुढे तिच्या सर्व्हरवर न राहता ज्याच्या-त्याच्या फोनमध्ये राहील. स्वतः न सांगितल्यास तीन महिन्यांपेक्षा जुनी नोंद आपोआप पुसली जाईल, आणि बॅकअप घेतला तर तो कूटबद्ध असेल, म्हणजे मालकाशिवाय कोणाला वाचता येणार नाही. यामागे एक कारण असावं. अमेरिकेतले पोलीस २०१६ पासून गूगलकडे अशी मागणी करत होते की अमुक जागेच्या आसपास अमुक वेळेत जे जे फोन होते त्या सर्वांची माहिती द्या. म्हणजे आधी संशयित आणि मग पुरावा, हा क्रमच उलटा झाला. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल शहरात एक तरुण रोजच्या व्यायामासाठी सायकल चालवायचा आणि अंतर मोजायला रनकीपर वापरायचा. त्या दिवशी तो एका घरावरून तासाभरात तीन वेळा गेला, कारण त्याची फेरीच तशी होती. नेमकी त्याच दिवशी त्या घरात चोरी झाली. २०२० च्या जानेवारीत त्याला गूगलचं पत्र आलं की पोलिसांनी तुमची माहिती मागितली आहे. त्यातून सुटण्यासाठी त्याला वकील करावा लागला. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, असं म्हणणाऱ्यांनी या सायकलस्वाराचा विचार करावा. त्याच्याकडेही काही नव्हतं. नोंद फोनमध्येच राहिली तर अशी सरसकट मागणी पुरी करणं कंपनीला शक्यच होत नाही.

पण याच बदलाची दुसरी बाजूही पाहायला हवी. २०२४ मध्ये वापरकर्त्यांना ईमेल गेले की मुदतीत निर्णय घ्या, नाहीतर जुनी नोंद पुसली जाऊ शकते. आपल्याकडे किती जण असे ईमेल उघडतात? संगणकावर टाइमलाइन पाहण्याची सोय गेली. नोंद फोनमध्ये आली, पण फोन हरवला, बदलला, बिघडला तर काय करायचं हे सामान्य माणसाला कोणी नीट समजावलं नाही. मार्च २०२५ मध्ये एका तांत्रिक चुकीमुळे काही लोकांची टाइमलाइन पुसली गेली. ज्यांनी कूटबद्ध बॅकअप सुरू केला होता त्यांना ती परत मिळवता आली, बाकीच्यांची गेली. सर्व्हरवर ठेवली की दुसऱ्याच्या हाती, फोनमध्ये ठेवली की फोनच्या नशिबी, अशा कात्रीत माणूस सापडतो. यातून बाहेर पडायला माझ्या मते एकच वाट आहे. नोंद फोनमध्ये राहावी आणि तिची प्रत वेळोवेळी उघड्या, कोणालाही वाचता येईल अशा फाइलमध्ये आपण स्वतः काढून घ्यावी.

ही नोंद एवढी जपायची कशासाठी? कारण तिच्यावर नाव लिहिलेलं नसलं तरी ती ओळखता येते. २०१३ मध्ये मोंजॉय या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदी तपासल्या. त्यांना दिसलं की ठिकाण आणि वेळ यांच्या फक्त चार जोड्या ९५ टक्के लोकांना गर्दीतून वेगळं काढायला पुरतात. रात्री फोन कुठे असतो आणि दुपारी कुठे असतो, एवढ्यावर घर आणि कचेरी कळते. उरलेल्या दोन जोड्या म्हणजे एखादा दवाखाना आणि एखाद्या नातेवाइकाचं घर. शिवाय नोंद माझी असली तरी तिच्यात दुसरी माणसं येतात. मी ज्या मैत्रिणीबरोबर घटस्फोटाच्या वकिलाकडे गेलो तिची ती भेट माझ्या टाइमलाइनमध्ये आहे. पत्रकार ज्याला गुपचूप भेटला त्या माणसाचा पत्ता पत्रकाराच्या फोनमध्ये आहे. म्हणून अ‍ॅपची निवड ही माझी खासगी बाब आहे, असं मला पूर्णपणे म्हणता येत नाही.

आणि माहिती कुठून कुठे जाते याचा अंदाज अ‍ॅपच्या नावावरून येत नाही. नमाजाच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा सांगणाऱ्या मुस्लिम प्रो या अ‍ॅपमधून ठिकाणांची माहिती एक्स-मोड नावाच्या दलाल कंपनीकडे जात होती, आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते, हे नोव्हेंबर २०२० मध्ये उघड झालं. प्रार्थनेसाठी घेतलेलं अ‍ॅप लष्करी कंत्राटदारापर्यंत पोचतं, हे वापरणाऱ्याच्या स्वप्नातही येणार नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये एक्स-मोडच्या उत्तराधिकारी कंपनीला संवेदनशील ठिकाणांची माहिती विकायला बंदी घातली. फुकट अ‍ॅपचा खर्च कोणीतरी भरतच असतो. म्हणून माझा कल नेहमी पैसे घेणाऱ्या किंवा ज्याची मूळ संहिता (सोर्स कोड) सर्वांना पाहता येते अशा अ‍ॅपकडे असतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. फोन वापरतो म्हणजे माग लागतोच, मग एका अ‍ॅपने काय बिघडतं? दूरसंचार कंपन्यांना कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवण्याची अट सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये घातली आहे, आणि पोलीस टॉवर डंप, म्हणजे एका टॉवरवर आलेल्या सगळ्या फोनची यादी, काढतात हे आपण रोज बातम्यांत वाचतो. हे खरं आहे. पण टॉवरची नोंद ढोबळ असते. खेड्यात एक टॉवर कित्येक किलोमीटरचा पट्टा सांभाळतो. आपोआप रोजनिशी लिहिणारं अ‍ॅप मात्र कोणत्या इमारतीत, किती मिनिटं, चालत की गाडीने, इतकं बारीक टिपतं. दोन्ही एकाच मापाने मोजता येत नाहीत. शिवाय टॉवरची नोंद बंद करणं माझ्या हातात नाही, अ‍ॅप निवडणं माझ्या हातात आहे. जे हातात नाही त्यासाठी कायदा बदलून घ्यायचा, जे हातात आहे ते आजच नीट करायचं.

या अ‍ॅपचं काम कसं चालतं ते थोडं समजून घेतलं तर निवड सोपी होते. उपग्रहाकडून जागा मोजणारी चिप सतत चालू ठेवली तर बॅटरी दुपारपर्यंत उतरेल. म्हणून चांगलं अ‍ॅप बहुतेक वेळ झोपलेलं असतं. फोनमधला हालचाल ओळखणारा संवेदक खूण देतो, मग ते जागं होतं, आसपासचे वायफाय आणि टॉवर पाहून अंदाज घेतं आणि गरज पडली तरच उपग्रहाकडे वळतं. या काटकसरीत अचूकता घटते. कोकण रेल्वेच्या करबुडे बोगद्यात, साडेसहा किलोमीटरच्या त्या अंधारात, उपग्रह दिसतच नाही. अ‍ॅप मग दोन टोकं सरळ रेघेने जोडून टाकतं. मुंबईच्या भुयारी मेट्रोतही तसंच होतं. लोकलचा प्रवास बऱ्याचदा मोटारीचा म्हणून नोंदला जातो. लक्ष्मी रस्त्यावर एकाच इमारतीत तळमजल्यावर साड्यांचं दुकान, वर दंतवैद्य आणि त्याच्याही वर शिकवणी असते. अक्षांश-रेखांश तिघांचे एकच. तुम्ही कुठे गेला होता हे अ‍ॅप ओळखत नाही, ते अंदाज करतं. ही नोंद म्हणजे घडलेल्या गोष्टीबद्दल यंत्राने काढलेला तर्क आहे, आणि तो दुरुस्त करण्याची सोय नसेल तर तिचा उपयोग कमी आणि उपद्रव जास्त.

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण याच तंत्राने आपल्याकडे दुसऱ्याच लोकांचे दिवस मोजले जातात. नागपूर आणि नवी मुंबई महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं चढवली. चंदीगडमध्ये अशाच घड्याळांविरुद्ध कामगार रस्त्यावर उतरले. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून हजेरीसाठी एनएमएमएस हे अ‍ॅप सक्तीचं झालं. त्यात कामाच्या जागेची खूण असलेला फोटो दिवसातून दोनदा चढवावा लागे. रेंज नसली किंवा फोटो चढला नाही तर राबूनही मजुरी अडकायची, आणि याविरुद्ध मजुरांनी त्या वर्षी दिल्लीत जंतरमंतरवर धरणं धरलं. माझ्या टाइमलाइनने मला शिकवणीला गेलेला दाखवलं तर मी बोटाने दाबून ते दंतवैद्य असं बदलतो. झाडूवालीच्या घड्याळाने ती गल्ली सोडून गेली असं दाखवलं तर ती काय बदलणार? तिला पडदाच दिसत नाही. दोघांचं यंत्र एकच, तर्कातली चूकही एकच, पण एकाला लेखणी मिळाली आहे आणि दुसरीचा पगार कापला जातो. स्वतःसाठी अ‍ॅप निवडणाऱ्या सुशिक्षित माणसाने हा फरक मनात ठेवावा, कारण तो जे हक्क स्वतःसाठी गृहीत धरतो तेच तिच्यासाठी मागितले तर टिकतील.

न्यायालयाने या बाबतीत वाट दाखवलेली आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, तो आता सर्वांना माहीत आहे. त्याहून कमी चर्चा झाली ती ८ जुलै २०२४ च्या निकालाची. अमली पदार्थांच्या एका खटल्यात जामीन देताना आरोपीने गूगल मॅप्सवर आपल्या जागेची पिन टाकावी, म्हणजे तपास अधिकाऱ्याला ती दिसेल, अशी अट दिल्ली उच्च न्यायालयाने घातली होती. सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या पीठाने ती रद्द केली. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर सतत नजर ठेवता येईल अशी अट अनुच्छेद २१ मधल्या खासगीपणाच्या हक्काचा भंग करते, असं त्यांनी म्हटलं. ज्याच्यावर अमली पदार्थांचा आरोप आहे त्यालाही जर सतत माग काढण्यापासून संरक्षण मिळतं, तर कसलाच आरोप नसलेल्या सफाई कामगाराला ते का मिळू नये?

घरातही हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. सांगली-साताऱ्याहून पुण्याला शिकायला आलेल्या मुलींच्या फोनवर घरच्यांनी माग काढणारं अ‍ॅप टाकून दिलेलं असतं. काळजी खरी असते, हे मी नाकारत नाही. पण तिथेही लेखणी कोणाच्या हाती हे पाहावं. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त आठ तास देता येतं, मग ते आपोआप थांबतं आणि पुन्हा द्यायचं तर देणाऱ्याला स्वतः द्यावं लागतं. रात्रीच्या बसने निघालेली मुलगी आईला ते पाठवते आणि सकाळी ते संपतं. ही रचना मला योग्य वाटते. कायम चालू राहणारा, एकाच बाजूने दिसणारा माग सज्ञान मुलीवर लादला तर ती फोन मैत्रिणीच्या खोलीवर ठेवून बाहेर पडायला शिकेल. मग अडचणीच्या वेळी तिच्याकडे फोनच नसेल.

आता प्रत्यक्ष निवडीबद्दल. आयफोन असेल तर आर्क हे अ‍ॅप मी पहिलं सुचवेन. नोंद फोनमध्ये राहते, चुकलेलं ठिकाण किंवा वाहन दुरुस्त केलं की ते त्यातून शिकतं, आणि जीपीएक्स व जेसन या उघड्या फाइल-स्वरूपांत सगळं बाहेर काढता येतं. मूव्ह्ज बंद पडलं तेव्हा तिथल्या जुन्या नोंदी आत घेण्याची सोय याच अ‍ॅपने दिली होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्यांना एवढं नको त्यांच्यासाठी अ‍ॅपलच्या मॅप्समध्येच आयओएस २६ पासून भेट दिलेल्या ठिकाणांची यादी आहे. तीही दोन्ही टोकांना कूटबद्ध असते. अँड्रॉइडवर गूगलची टाइमलाइनच बहुतेकांना पुरेल, फक्त दोन कामं करावीत. कूटबद्ध बॅकअप चालू करावा, आणि फोनच्या सेटिंगमधल्या लोकेशन विभागातून टाइमलाइनची फाइल दर काही महिन्यांनी काढून ठेवावी. तीन महिन्यांनी पुसण्याची मूळ मुदत ज्याला जुन्या आठवणी हव्यात त्याने बदलून घ्यावी, आणि ज्याला फक्त प्रवासभत्ता भरायचा आहे त्याने ती तशीच राहू द्यावी. एफ-ड्रॉइड या खुल्या संहितेच्या अ‍ॅपच्या दुकानात मिळणारं जीपीएसलॉगर ठिकाणांची नावं सांगत नाही, फक्त वाट नोंदवतं, पण प्रामाणिकपणे आणि कोणालाही न पाठवता. थोडीफार संगणकाची माहिती असलेल्यांनी ओनट्रॅक्स आणि दावारिश यांची जोडी पाहावी, कारण तिथे सर्व्हरही आपलाच असतो.

शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी यांचे फोन मागे चालणारी अ‍ॅप बॅटरी वाचवण्यासाठी मारून टाकतात. आपल्याकडे हेच फोन जास्त असल्यामुळे नोंद तुटक येते आणि लोक अ‍ॅपला दोष देतात. त्या एका अ‍ॅपपुरतं ऑटोस्टार्ट चालू करावं आणि बॅटरीचं बंधन काढावं. जागेची परवानगी नेहमीसाठी द्यावी लागते, पण ती एकाच अ‍ॅपला द्यावी. बाकीच्यांना वापरताना एवढीच पुरे, आणि हवामान सांगणाऱ्या अ‍ॅपला तर अंदाजे जागाही चालते. अँड्रॉइड १२ पासून ही सोय आहे.

कोणतंही अ‍ॅप घेतलं तरी एक परीक्षा पहिल्याच आठवड्यात घ्यावी. चार दिवसांची नोंद जमली की ती फाइलमध्ये काढावी आणि दुसऱ्याच कुठल्यातरी नकाशात उघडून पाहावी. जीपीएक्स हे स्वरूप २००२ पासून आहे. ती साध्या मजकुराची फाइल असते, त्यात मुख्यतः अक्षांश, रेखांश आणि वेळ असते. वेळ आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे दिसली तर घाबरू नये, ती जागतिक वेळ असते. फाइल उघडली, वाट दिसली, म्हणजे अ‍ॅप उद्या बंद पडलं तरी तुमचे दिवस तुमच्याकडे आहेत. उघडली नाही, किंवा काढण्याची सोयच सापडली नाही, तर चार दिवसांच्या नोंदीवर पाणी सोडणं चार वर्षांच्या नोंदीवर सोडण्यापेक्षा सोपं आहे.

पण हे सगळं जाणत्या माणसाला जमतं. बाकीच्यांचं काय? २०१८ मध्ये न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने, म्हणजे मुंबई दंगलींच्या चौकशी आयोगामुळे महाराष्ट्राला चांगल्या माहीत असलेल्या न्यायमूर्तींच्या समितीने, माहिती संरक्षणाचा जो मसुदा दिला त्यात आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात घेऊन दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०१९ च्या विधेयकातही तो होता. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये जो डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला त्यात तो हक्क नाही. कलम ११ मध्ये माहितीचा सारांश मागता येतो. कलम १२ मध्ये ती दुरुस्त करून किंवा पुसून घेता येते. दुरुस्तीचा हक्क दिला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पाच वर्षांच्या नोंदीचा सारांश घेऊन मी काय करू? मला ती संपूर्ण हवी, आणि दुसऱ्या अ‍ॅपला वाचता येईल अशी हवी. युरोपात मे २०१८ पासून हा हक्क आहे. आपल्या २०२३ च्या कायद्याच्या कलम ७ मध्ये मात्र नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा मालकाला आहे, आणि मनगटावरचं घड्याळ या मोकळ्या दारातून आत येतं.

हे अवघड आहे, आपल्याकडे जमणार नाही, असं कोणी म्हणू नये. २० जानेवारी २०११ रोजी देशभर मोबाइल नंबर पोर्ट करण्याची सोय झाली. त्याआधी कंपनी बदलायची तर नंबर सोडावा लागायचा, आणि त्या भीतीने लोक वाईट सेवा सहन करत राहायचे. आज गावातल्या मोबाइलच्या दुकानातही सिम पोर्ट करून मिळतं. बँकेची माहिती संमतीने दुसऱ्या संस्थेकडे नेता यावी यासाठी रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये अकाउंट अ‍ॅग्रिगेटरची चौकट आखली आणि २०२१ पासून ती चालू आहे. दहा आकडी नंबर आणि बँकेतली माहिती आपल्याबरोबर येऊ शकते, तर आपण कुठे कुठे गेलो याची नोंदही येऊ शकते.

कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. हा काळ ग्राहक संघटनांनी आणि कामगार संघटनांनी एकत्र येऊन वापरायला हवा, कारण दोघांचं मागणं एकच आहे. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या जुन्या संस्थेने नंबर पोर्ट करण्यासारखाच नोंद पोर्ट करण्याचा हक्क संसदेकडे मागावा. सफाई कामगारांच्या संघटनांनी मागावं की कलम ७ मधून सतत जागा टिपणं वगळा, आणि जिथे ते टिपलं जातं तिथे कामगाराला स्वतःची नोंद त्याच दिवशी पाहता आणि दुरुस्त करता येईपर्यंत तिच्या आधारे एक रुपयाही कापू नका.